लागू परिपत्रकांची यादी : विद्यापीठ प्रशासनातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रकल्पाच्या नोंदी, बडोदे, जून ते नोव्हेंबर 2024

11 जून 2024

कुलगुरूंच्या दालनात आज झालेल्या बैठकीत प्रकल्पाला मान्यता मिळाली आणि सहायक कुलसचिव या नात्याने त्याच्या नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. तीन कामे ठरली. प्रवेश, शुल्क, परीक्षा आणि दाखले यांविषयीच्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणारा संगणकीय साहाय्यक उभा करायचा. कार्यालयीन टिपण्या आणि पत्रांचे मसुदे करण्यासाठी त्याच तंत्राचा उपयोग करून पाहायचा. आणि पहिल्या वर्षाचे कोणते विद्यार्थी शिक्षण सोडण्याच्या बेतात आहेत, हे उपस्थिती, गुण आणि शुल्कभरणा यांच्या नोंदींवरून वेळीच ओळखता येते का, ते तपासायचे.

पहिल्या कामाची निकड मला रोज दिसते. जून-जुलैत आमच्या खिडकीपुढे जी रांग लागते, तिच्यातल्या बहुतेकांना एका वाक्याचे उत्तर हवे असते, आणि त्या एका वाक्यासाठी पादरा किंवा डभोई अशा आसपासच्या गावांहून एस.टी.ने आलेल्या मुलीचा अख्खा दिवस जातो. तो दिवस वाचला तर प्रकल्पाचा खर्च सार्थकी लागला, असे मी बैठकीत सांगितले आणि इथेही लिहून ठेवते.

रचनेबद्दल संगणक केंद्राच्या प्रमुखांनी केलेला खुलासा नोंदवणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. भाषा-मॉडेल हे मुळात एका शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा हिशोब करून वाक्य जुळवते. त्यामुळे माहिती नसतानाही त्याचे वाक्य अडखळत नाही आणि खरे उत्तर कोणते, रचलेले कोणते, हे वाचणाऱ्याला भाषेवरून कळत नाही. म्हणून आमचा साहाय्यक स्वतःच्या स्मरणावर बोलणार नाही. प्रश्न आला की विद्यापीठाच्या कागदपत्रांच्या साठ्यातून त्या विषयाचे उतारे आधी शोधले जातील, ते मॉडेलपुढे ठेवले जातील आणि तेवढ्याच आधारावर उत्तर लिहिले जाईल. साठा आम्ही पुरवायचा आहे. त्यासाठी पंधरा दिवस पुरतील, असा माझा अंदाज मी दिला आहे.

20 जून 2024

पंधरा दिवसांचा अंदाज चुकला. परिनियम आणि अध्यादेश छापील आहेत, त्यांचा प्रश्न नाही. प्रश्न परिपत्रकांचा आहे. कुलसचिव कार्यालय, परीक्षा विभाग, लेखा विभाग आणि प्रत्येक विद्याशाखेच्या अधिष्ठात्यांचे कार्यालय अशा सगळ्या ठिकाणांहून वर्षानुवर्षे परिपत्रके निघत आली आहेत. प्रत्येकाला जावक क्रमांक आहे, प्रत्येकाखाली सही आहे, परंतु आजच्या तारखेला त्यांतली कोणती लागू आहेत, याची यादी विद्यापीठात कुठेही नाही. नवीन परिपत्रकात ‘यापूर्वीच्या सर्व सूचना या मर्यादेपर्यंत सुधारण्यात येत आहेत’ असे वाक्य असते, पण कोणत्या सूचना, हे लिहिलेले नसते.

ही यादी आजवर एका माणसाच्या डोक्यात होती. आवक-जावक विभागातले हेड क्लार्क, ज्यांना कुलगुरूंपासून शिपायापर्यंत सगळे काका म्हणतात, त्यांना विचारले की ते कपाटाकडे न पाहता सांगतात : ‘ते बाद झाले, त्याच्यानंतर विद्यापरिषदेने ठराव केला, तो बघा.’ काका 30 नोव्हेंबरला निवृत्त होत आहेत. प्रकल्पाच्या आराखड्यात या तारखेचा उल्लेख नव्हता. मी आज तो केला आहे आणि काकांचे दिवसातले दोन तास प्रकल्पाकडे मागून घेतले आहेत.

2 जुलै 2024

स्कॅनिंग सुरू आहे. दोन अडचणी आल्या, त्या सविस्तर लिहिते.

पहिली फॉन्टची. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याची समान संगणकीय पद्धत, रूढ होण्यापूर्वी आमच्याकडे गुजराती मजकूर ज्या फॉन्टांत टंकला जाई, त्यांत पडद्यावर गुजराती अक्षर दिसत असले तरी फाईलमध्ये त्या जागी रोमन अक्षरेच साठवलेली असतात. माणसाला ते परिपत्रक स्वच्छ गुजरातीत दिसते, यंत्राला मात्र अर्थहीन रोमन अक्षरांची रांग मिळते. गंभीर बाब अशी की यंत्र यावर कोणतीही तक्रार करत नाही. फाईल साठ्यात दाखल झाल्याचे दिसते, संख्या वाढते आणि ते परिपत्रक कोणत्याही प्रश्नाला कधीही सापडत नाही. अशा सगळ्या फाईली छापून पुन्हा स्कॅन करणे किंवा त्या फॉन्टाचे युनिकोडमध्ये रूपांतर करून माणसाकडून ओळ न् ओळ तपासून घेणे, हे दोनच मार्ग आहेत. आम्ही दुसरा घेतला आहे.

दुसरी अडचण आज दुपारी काकांच्या टेबलावर दिसली. पुनर्मूल्यांकनाच्या शुल्काविषयीचे एक जुने परिपत्रक स्कॅन होऊन आले होते. यंत्राने छापील मजकूर अचूक वाचला होता. काकांनी मूळ कागद काढून माझ्यासमोर ठेवला. समासात, पंच केलेल्या भोकांच्या अगदी कडेला, लाल पेन्सिलीने उभे लिहिलेले होते : ‘रद्द. वि.प. ठराव पाहा.’ वि.प. म्हणजे विद्यापरिषद. खाली आद्याक्षर. स्कॅनरने काळ्या-पांढऱ्या सेटिंगमध्ये ती लाल रेघ फिकट करून टाकली होती, आणि जे उरले होते ते भोकाच्या सावलीत गेले होते. म्हणजे एका मृत परिपत्रकाला आम्ही आमच्याच हातांनी जिवंत करून साठ्यात ठेवले होते.

सगळे स्कॅन रंगीत आणि पूर्ण समासासह पुन्हा करण्याचा निर्णय घेतला. वेळ लागेल. प्रत्येक कागदाला आता चार रकाने आहेत : कोणत्या तारखेपासून लागू, कोणत्या तारखेपर्यंत लागू, कोणामुळे रद्द किंवा सुधारित, आणि हे कोणी ठरवले. चौथ्या रकान्यात पदनाम चालणार नाही, व्यक्तीचे नाव हवे, असा आग्रह मी धरला व कुलसचिवांनी तो मान्य केला.

12 जुलै 2024

पहिली चाचणी. खिडकीवर बसणाऱ्या कर्मचारी बेनने (बेन म्हणजे गुजरातीत ताई) गेल्या वर्षी तिला प्रत्यक्ष विचारले गेलेले चाळीस प्रश्न लिहून दिले होते. नियम आणि अर्ज यांविषयीची सोपी उत्तरे चांगली आली, त्यांवर इथे शब्द खर्च करत नाही. एका उत्तरावर मात्र पूर्ण दुपार गेली आणि ती जाणे योग्यच होते.

प्रश्न असा : ‘प्रवेशाची शेवटची तारीख होऊन वीस दिवस झाले आहेत, दुसरीकडे प्रवेश मिळाला आहे, इथला रद्द केला तर फी किती परत मिळेल?’ साहाय्यकाने उत्तर दिले : पन्नास टक्के. आधार म्हणून त्याने विद्यापीठ अनुदान आयोगाची ऑक्टोबर 2018ची अधिसूचना दाखवली, आणि ती अधिसूचना खरोखर तसेच सांगते. शेवटच्या तारखेच्या पंधरा किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत, त्यातून प्रक्रियेसाठी फार तर पाच टक्के आणि तेही 5,000 रुपयांच्या आत वजा. त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत नव्वद टक्के. तारखेनंतर पंधरा दिवसांच्या आत ऐंशी. सोळाव्या ते तिसाव्या दिवसापर्यंत पन्नास. त्यापुढे काही नाही. वीस दिवस म्हणजे पन्नास टक्के. तर्क बिनचूक आहे.

उत्तर तरीही चूक आहे. गेली काही वर्षे आयोग प्रत्येक शैक्षणिक वर्षासाठी शुल्क-परताव्याचे स्वतंत्र धोरण जाहीर करतो आणि ते जुन्या टप्प्यांवर मात करते. 2022-23साठी पूर्ण परताव्याची मुदत 31 ऑक्टोबर होती. यंदाच्या 2024-25साठी, गेल्याच महिन्यात आलेल्या पत्रानुसार, 30 सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्याला पूर्ण शुल्क परत द्यायचे आहे आणि 31 ऑक्टोबरपर्यंत फार तर 1,000 रुपये कापायचे आहेत. शुल्क 24,000 रुपये धरले तर साहाय्यकाने त्या विद्यार्थ्याला 12,000 सांगितले असते, आणि त्याचा हक्क 24,000चा होता. कित्येक घरांत हा फरक दुसऱ्या महाविद्यालयातला प्रवेश होतो की नाही, हे ठरवतो.

यंत्र का चुकले, हे समजून घेतले. 2018चा दस्तऐवज लांब आहे, त्यात ‘प्रवेशाची शेवटची तारीख’, ‘दिवस’, ‘परतावा’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे प्रश्नाशी त्याचे साम्य अधिक ठरते. यंदाचे पत्र छोटे आहे, त्यात दिवस मोजलेले नसून तारखा दिलेल्या आहेत. शब्दांच्या साम्यावर शोध घेणाऱ्या यंत्राने जुने निवडले. नवा नियम जुन्याला मागे सारतो, ही प्रशासनाची प्राथमिक समज शब्दांच्या साम्यात कुठेच नसते. ती रकाने भरून आम्हालाच द्यावी लागते.

चूक साहाय्यकाची म्हणून विद्यापीठाला हात झटकता येतील का, असा प्रश्न लेखा विभागातून आला. याच वर्षी फेब्रुवारीत कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या दिवाणी न्यायाधिकरणाने एअर कॅनडाच्या प्रकरणात दिलेला निर्णय मी त्यांना सांगितला. संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली होती आणि कंपनीचे म्हणणे होते की चॅटबॉटच्या बोलण्याला ती जबाबदार नाही. न्यायाधिकरणाने ते फेटाळले व भरपाई द्यायला लावली. तो निर्णय आपल्याला बंधनकारक नाही, परंतु खिडकीवर बसलेल्या बेनचे चुकीचे उत्तर जर विद्यापीठाचे मानले जात असेल, तर आपण नेमलेल्या यंत्राचे का मानले जाऊ नये, याला माझ्याकडे उत्तर नाही.

24 जुलै 2024

कुलगुरूंसमोर चाचणीचा अहवाल ठेवला. अशा वेळी वरिष्ठ बहुधा तारीख विचारतात, ‘सुरू कधी करता?’ कुलगुरूंनी विचारले, ‘लागू परिपत्रकांची यादी कोणाच्या सहीने निघणार?’ या प्रश्नाने कामाची दिशा बदलली. ठरले असे की यादी कुलसचिवांच्या सहीने निघेल, दर महिन्याला सुधारली जाईल आणि विद्यार्थ्यांनाही वाचता येईल. साहाय्यक यादीत असलेल्या कागदांवरूनच बोलेल. प्रत्येक उत्तराखाली परिपत्रकाचा क्रमांक, तारीख आणि त्या विषयाच्या जबाबदार अधिकाऱ्याचे नाव येईल. आधार सापडला नाही तर ‘माहीत नाही’ असे सांगून तो खिडकीचा क्रमांक देईल.

भाषेवरही चर्चा झाली. विद्यार्थी इंग्रजीत फार कमी विचारतात. ते गुजरातीत विचारतात, हिंदीत विचारतात, आणि बहुतेक वेळा गुजराती वाक्य मोबाईलवर रोमन अक्षरांत लिहितात : ‘फी पाछी क्यारे मळशे’, म्हणजे फी परत कधी मिळेल. आमचे नियम मात्र इंग्रजीत आहेत, आणि त्यांतले ‘विथड्रॉवल’, ‘कॅन्सलेशन’, ‘मायग्रेशन’ हे तीन वेगळे शब्द मुलांच्या तोंडी एकाच ‘रद्द’मध्ये मावतात. म्हणून पर्यायी शब्दांचा एक कोश करायला घेतला आहे. या शहरात असे काम करताना सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीची आठवण आल्यावाचून राहत नाही. शासनव्यवहाराचे शब्द इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली अशा आठ भाषांत शेजारी शेजारी मांडणारा कोश बडोदे संस्थानाने 1931 साली छापून काढला होता. सरकारी उत्तर प्रजेला तिच्या शब्दांत मिळावे, यासाठी इतका खटाटोप त्या काळी झाला. आपल्याला निदान खिडकीवरचे दोनशे शब्द नीट लावता आले पाहिजेत.

6 ऑगस्ट 2024

तिसऱ्या कामाची, म्हणजे शिक्षण सोडण्याचा धोका असलेल्या विद्यार्थ्यांच्या यादीची, आज तीन तास चर्चा झाली. माझे मत सुरुवातीला अनुकूल होते. अमेरिकेतल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचे उदाहरण प्रसिद्ध आहे : 2012पासून तिथे आठशेहून अधिक खुणांवर प्रत्येक विद्यार्थ्याची प्रगती रोज तपासली जाते आणि कोणी मार्गावरून ढळत असेल तर सल्लागार त्याच्याशी संपर्क साधतो. पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण तिथे लक्षणीय वाढले. परंतु त्या विद्यापीठाने यंत्रणा बसवताना सल्लागारांची मोठी भरतीही केली, हा अर्धा भाग सादरीकरणांत बहुधा गळून जातो. यादी घेऊन विद्यार्थ्याशी बोलणारा माणूसच नसेल, तर ती यादी फक्त शिक्का मारते.

दुसरे उदाहरण अधिष्ठात्यांनी मांडले आणि ते मला अधिक लागले. 2020 साली कोरोनामुळे इंग्लंडमध्ये शालान्त परीक्षा होऊ शकल्या नाहीत, तेव्हा शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी तिथल्या परीक्षा-नियामकाने एका गणिती सूत्राने जुळवून घेतल्या. त्या सूत्रात शाळेच्या मागील वर्षांच्या निकालांना मोठे वजन होते. सुमारे चाळीस टक्के श्रेणी खाली आल्या. ज्या शाळांचा इतिहास कमकुवत, तिथल्या हुशार मुलांना आपल्या आधी शिकून गेलेल्यांच्या निकालाची शिक्षा झाली. रस्त्यावर निदर्शने झाली आणि 17 ऑगस्ट 2020 रोजी तो निर्णय मागे घ्यावा लागला. आमच्या कच्च्या तक्त्यात ‘आधीची शाळा’ आणि ‘तालुका’ हे दोन रकाने होते. बैठकीतच ते काढले.

रकाने काढूनही जी पहिली यादी आली, तिच्याकडे कुलगुरू बराच वेळ पाहत होत्या. नावांपुढे सकाळच्या पहिल्या तासाची उपस्थिती जवळपास सगळीकडे कमी होती आणि नंतरच्या तासांची चांगली होती. मी विद्यार्थ्यांचे पत्ते काढून आणले. बहुतेक जण बाहेरगावाहून एस.टी.ने येणारे होते, आणि पहिला तास साडेसातचा आहे. यंत्राने ज्याला विद्यार्थ्याचा धोका म्हटले होते, तो आमच्या वेळापत्रकाचा दोष होता. तालुक्याचा रकाना आम्ही दाराबाहेर काढला होता, तरी पहिल्या तासाच्या उपस्थितीचे रूप घेऊन तो खिडकीतून आत आला होता.

निर्णय : गुणांकन असलेली यादी कोणत्याही विभागाला दिली जाणार नाही. ज्यांची उपस्थिती अचानक घसरते, त्यांची माहिती फक्त मार्गदर्शक शिक्षकाला, कारणासह मिळेल आणि तिचा उपयोग शिस्तीच्या कारवाईसाठी करता येणार नाही. पहिल्या वर्षाचा पहिला तास दुसऱ्या सत्रापासून सव्वाआठला नेण्याचा प्रस्ताव विद्यापरिषदेकडे जाईल. प्रकल्पाचे हे फळ मला अपेक्षित नव्हते, पण आजवरचे सर्वांत मोलाचे तेच वाटते.

20 ऑगस्ट 2024

साहाय्यक दोन विद्याशाखांपुरता सुरू केला. शुल्क, दाखले आणि अंतर्गत परीक्षांचे वेळापत्रक, एवढेच विषय. रात्री दहानंतर येणाऱ्या प्रश्नांची संख्या पाहून खिडकीवरची बेन म्हणाली, ‘ही मुले दिवसा विचारायला घाबरतात, ताई.’

31 ऑगस्ट 2024

चार दिवस कार्यालय बंद होते. ही नोंद घरून लिहीत आहे.

जन्माष्टमीच्या दिवशी पावसाने जोर धरला आणि विश्वामित्री नदीने 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांच्याही वर मजल मारली. अकोटा, फतेगंज, समा, कारेलीबाग या भागांत पाणी घुसले. लष्कराला बोलवावे लागले. 29 तारखेची अंतर्गत परीक्षा पुढे ढकलण्याचा निर्णय कुलसचिवांनी 27च्या संध्याकाळी घेतला. कार्यालयात कोणी पोचू शकत नव्हते, म्हणून हाताने लिहिलेल्या आदेशाचा फोटो विद्याशाखांच्या व्हॉट्सअॅप गटांवर गेला.

साहाय्यकाचा सर्व्हर शहराबाहेर आहे. त्याला पूर नव्हता, वीजही होती. 28च्या रात्री एका विद्यार्थिनीचा फोन आला, रेंज तुटत होती, तिचे शब्द जसेच्या तसे आठवतात : ‘बेन, घरमां पाणी छे, ने तमारुं मशीन कहे छे परीक्षा अगियार वागे छे.’ मी मोबाईलवर स्वतः विचारून पाहिले. त्याने नम्रपणे, परिपत्रकाचा क्रमांक देऊन, जबाबदार अधिकारी म्हणून माझे नाव खाली लिहून सांगितले की परीक्षा 29 ऑगस्टला सकाळी 11 वाजता आहे. त्याच्या साठ्यातला कागद खरा होता. यादीत तो लागू होता. चारही रकाने मी स्वतः तपासले होते. कमरेएवढ्या पाण्यातून परीक्षेला निघण्याचा सल्ला माझ्या नावाने दिला जात होता.

संगणक केंद्राच्या प्रमुखांशी संपर्क व्हायला दोन तास लागले, कारण त्यांच्याकडेही वीज नव्हती. रात्री एकच्या सुमारास साहाय्यक बंद झाला. त्या दोन तासांत कोणाकोणाला ते उत्तर गेले, त्या सर्वांना मी सकाळी फोन केले. तिघांशी बोलणे होऊ शकले नाही, ते पुढे सुखरूप असल्याचे कळले.

5 सप्टेंबर 2024

दुरुस्त्या. साठ्याच्या वर आता ‘आजची स्थिती’ नावाचे एक पान आहे आणि प्रत्येक उत्तरापूर्वी साहाय्यकाला ते वाचावेच लागते. त्यात कुलसचिव, परीक्षा नियंत्रक किंवा मी, मोबाईलवरून एक ओळ लिहू शकतो आणि ती ओळ बाकी सर्व कागदांवर मात करते. साहाय्यक पूर्ण बंद करण्याची सोयही या तिघांच्या मोबाईलवर आहे. ती दर महिन्याच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी वापरून पाहायची. परीक्षेच्या तारखेविषयीचे प्रत्येक उत्तर त्या दिवशी माणसाने मंजूर केलेले असल्याखेरीज दिले जाणार नाही.

तळमजल्यावरच्या अभिलेख-कक्षात पाणी शिरले होते. काका आणि दोन शिपाई वर्गातल्या बाकांवर कागद वाळत घालत होते. लाल पेन्सिलीचे शेरे काही ठिकाणी पसरले आहेत, काही पुसलेच गेले. जुलैत आम्ही रंगीत स्कॅन पुन्हा करून घेतले होते, म्हणून ते शेरे आज वाचता येतात.

18 सप्टेंबर 2024

काल अनंत चतुर्दशी झाली. आजपासून मसुद्यांच्या कामाला हात घातला. आयोगाच्या विद्यार्थी तक्रार निवारणाच्या 2023च्या विनियमांनुसार समितीला तक्रार मिळाल्यापासून पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्या निर्णयावर विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या लोकपालाकडे दाद मागता येते. जाडजूड फाईलमधून घटनाक्रम लावण्यातच आमचे पहिले आठ दिवस जात. साहाय्यकाने एका तक्रारीचा घटनाक्रम काही मिनिटांत, पान-क्रमांकांसह लावून दिला आणि मी तो मूळ फाईलशी ताडून पाहिला; एक तारीख सोडता तो बरोबर होता. एवढ्यापुरता उपयोग निर्विवाद आहे.

त्याच मसुद्यात शेवटी ‘अर्ज नामंजूर करण्याची कारणे’ असा परिच्छेद त्याने आपणहून जोडला होता. कारणे पटण्याजोगी होती, भाषा आमच्याहून सुबक होती. फाईलमध्ये मात्र त्यांतले एकही कारण कोणी दिलेले नव्हते, आणि अर्ज नामंजूर करायचा हे समितीने ठरवलेलेही नव्हते. घाईच्या दिवशी, सही करणाऱ्याचे डोळे थकलेले असताना, तो परिच्छेद तसाच पुढे गेला असता आणि निर्णय आधी, विचार नंतर, अशी स्थिती झाली असती. यापुढे घटनाक्रम यंत्र लावेल. कारणमीमांसा समितीचा सदस्य स्वतः लिहील.

कुलगुरूंनी आणखी एक मर्यादा स्वतः घातली. फेब्रुवारी 2023मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार झाल्यानंतर व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या एका विभागाने आपल्या विद्यार्थ्यांना एकमेकांना आधार देण्याचे आवाहन करणारा ईमेल पाठवला आणि त्याच्या तळाशी, तो चॅटजीपीटीच्या मदतीने लिहिल्याचे नमूद केले. विद्यार्थी दुखावले, माफी मागावी लागली. आमच्याकडे शोकपत्र, दिलगिरी आणि शिक्षेचा आदेश या तिन्हींचा मसुदा यंत्राकडून घेतला जाणार नाही. पुरात घर गेलेल्या शिपायाला कुलगुरूंनी गेल्या आठवड्यात लिहिलेले पत्र मी पाहिले आहे. चार ओळींचे, हाताने लिहिलेले, एका ठिकाणी खाडाखोड असलेले. ते त्याने खिशात ठेवले आहे.

9 ऑक्टोबर 2024

एका विभागात कर्मचाऱ्याने विद्यार्थिनीची तक्रार, तिच्या नाव आणि मोबाईल क्रमांकासह, इंटरनेटवरच्या एका मोफत साधनात टाकून तिचे भाषांतर करून घेतल्याचे लक्षात आले. हेतू चांगला होता, समितीच्या बाहेरच्या सदस्याला गुजराती येत नव्हते. तरीही ती माहिती आता आमच्या ताब्यात नाही. वैयक्तिक विदेच्या, म्हणजे डेटाच्या, संरक्षणाचा कायदा संसदेने ऑगस्ट 2023मध्ये संमत केला आहे. परंतु कायदा नसता तरी त्या मुलीने आपली गोष्ट समितीला सांगितली होती, जगाला नव्हे. कर्मचाऱ्यावर कारवाई केलेली नाही, कारण काय करू नये हे आम्ही त्यांना कधी सांगितलेच नव्हते. आज एक पानी सूचना काढली. ती लागू परिपत्रकांच्या यादीत पहिल्या दिवसापासून आहे.

25 ऑक्टोबर 2024

जुलैतला प्रश्न आज खऱ्या विद्यार्थ्याकडून आला. प्रवेश रद्द करायचा आहे, फी किती मिळेल? साहाय्यकाने सांगितले : 31 ऑक्टोबरपर्यंत अर्ज केल्यास फार तर 1,000 रुपये वजा होऊन बाकी शुल्क परत मिळेल, खाली आयोगाच्या पत्राचा संदर्भ आणि लेखाधिकाऱ्यांचे नाव. उत्तर बरोबर आहे.

काकांनी ते वाचून विचारले, ‘31ला तर दिवाळी. ऑफिस कधीपासून बंद?’ 29पासून. म्हणजे बरोबर उत्तरावर विसंबून 30 तारखेला डभोईहून येणाऱ्याला कुलूप दिसले असते. कुलसचिवांनी तासाभरात आदेश काढला की 31 ऑक्टोबरच्या मध्यरात्रीपर्यंत ईमेलने आलेला अर्ज मुदतीत धरावा. ‘आजची स्थिती’ पानावर मी ती ओळ लिहिली आणि गेल्या महिनाभरात हा प्रश्न विचारलेल्या सर्वांना ती पाठवली.

29 नोव्हेंबर 2024

उद्या शनिवार, 30 तारीख. काकांचा निरोप समारंभ आज दुपारीच झाला. त्यापूर्वी ते नेहमीप्रमाणे दोन तास प्रकल्पाच्या टेबलावर बसले.

यादी बहुतांशी पूर्ण झाली आहे. प्रत्येक ओळीपुढच्या चौथ्या रकान्यात, जिथे जिथे लेखी आधार नव्हता आणि स्मरणावर निर्णय घ्यावा लागला, तिथे काकांचे नाव आणि त्यांची सही आहे. कुलसचिवांनी अशा प्रत्येक नोंदीला प्रतिस्वाक्षरी केली आहे. सहा कागद उरले. ते लागू आहेत की नाहीत, हे काकांनाही सांगता आले नाही. त्यांतला एक अनुकंपा तत्त्वावरील शुल्कमाफीचा आहे, आणि त्यावर दरवर्षी कोणी ना कोणी विचारतो. काकांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘हा मी आजवर लागू समजूनच चालवला. लिहिलेले कुठे नाही.’

हे सहाही कागद विद्यापरिषदेच्या पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेतले आहेत. तोवर त्या विषयांवर साहाय्यक उत्तर देणार नाही; विचारणाऱ्याला माझा दूरध्वनी क्रमांक मिळेल. शुल्कमाफीचा विषय पत्रिकेवर पहिला ठेवावा, अशी टिपणी मी स्वतःच्या हाताने लिहून कुलगुरूंकडे पाठवली आहे आणि सोबत काकांनी ज्या ज्या अर्जांना ती माफी दिली, त्यांच्या फाईली जोडल्या आहेत.